सोबत मनाजोगती

प्रौढ ऑटिस्टिक माणसाला मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एकाच सुराचा असतो. जरा बाहेर पड. चार माणसांत मिसळ. समोरच्याकडे बघून बोल. सांगणाऱ्याची कळकळ खरी असते. पण इतरांना ज्यात मजा येते त्यातच यालाही यायला हवी, आणि येत नसेल तर याचा सराव कमी पडतोय, असं त्यात धरूनच चाललेलं असतं. मला हे मान्य नाही. करमणूक आणि सोबत या दोन्ही गोष्टी ऑटिस्टिक माणसाच्या स्वभावाला धरून आखता येतात आणि तशा आखल्या तरच त्या टिकतात. तुम्ही स्वतः ऑटिस्टिक असाल, किंवा तुमचा भाऊ, बायको, मैत्रीण, मोठी झालेली मुलगी ऑटिस्टिक असेल, तर ही आखणी कशी करायची ते पुढे सांगते आहे.

आपल्याकडे स्वमग्नतेबद्दल, म्हणजे ऑटिझमबद्दल, जे लिहिलं-बोललं जातं ते जवळजवळ सगळं लहान मुलांबद्दल असतं. ती मुलं मोठी होतात, आणि ज्यांचं लहानपणी निदानच झालं नाही अशी माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना घरात आणि गल्लीत एकलकोंडा, तुसडा, शिष्ट अशी विशेषणं मिळाली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका जगभर वापरली जाते. तिच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत अ‍ॅस्पर्जरसारखी वेगवेगळी निदानं ऑटिझमच्या एका छत्राखाली आली, आणि आवाज, उजेड, स्पर्श, वास यांचा जास्त किंवा कमी त्रास होणं हेही निकषांत आलं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमची नोंद झाली. त्याच कायद्यात संस्कृती आणि करमणुकीवर एक स्वतंत्र कलम आहे. म्हणजे मजा करणं ही चैन किंवा थेरपीनंतरची खिरापत नाही, तो कायद्याने मानलेला हक्क आहे.

मिसळण्याच्या प्रश्नाकडे बघण्याची दिशा गेल्या काही वर्षांत बदलली. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये असं मांडलं की, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात खरं, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? अडचण दोन्ही बाजूंना आहे, आणि तिचं ओझं मात्र एकाच बाजूवर टाकलेलं आहे. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. पुढे एडिंबरा विद्यापीठात कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या माणसाला एक गोष्ट सांगायची, त्याने ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं आठव्यापर्यंत. सगळेच ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत पोचली. गळती जास्त झाली ती मिश्र साखळ्यांमध्ये. २०२५ मध्ये झालेल्या बऱ्याच मोठ्या अभ्यासात मिश्र साखळ्यांचा हा तोटा पुन्हा दिसला नाही, पण ऑटिस्टिक माणसं आपसांत बोलताना कुठे कमी पडत नाहीत, हे त्यातही कायम राहिलं.

तेव्हा पुढच्या वेळी ‘मला लोकांत मिसळता येत नाही’ असं मनात आलं, तर थांबा आणि स्वतःला विचारा: कुठल्या लोकांत? किती जणांत? किती वेळ? काय करत असताना? वधूवरांच्या स्टेजसमोर पाचशे माणसांत तुम्ही गप्प होत असाल आणि जुन्या नाण्यांबद्दल बोलणाऱ्या एका माणसाशी दोन तास बोलू शकत असाल, तर बोलण्याची कला तुमच्याकडे आहेच. जागा चुकते आहे.

सुरुवात स्वतःच्या नोंदीपासून करा. महिनाभर, कुठेही जाऊन आलात की घरी आल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळी लिहा. कुठे गेलो, किती माणसं होती, आवाज-उजेड-वास कसे होते, किती वेळ थांबलो, आणि आता अंगात काय आहे. दुसऱ्या दिवशीची नोंद महत्त्वाची, कारण पुष्कळ ऑटिस्टिक माणसांना आपला थकवा तिथल्या तिथे कळत नाही. कार्यक्रमात छान हसत होतो, आणि सोमवारी अंथरुणातून उठवत नाही, असं होतं. महिन्याभरात तुमचा नमुना दिसायला लागेल. कदाचित माणसांचा त्रास नसेलच, हॉलमधल्या लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटचा असेल. कदाचित मित्र आवडत असेल, पण त्याच्या घरी सतत चालू असलेला टीव्ही सोसत नसेल. अशा वेळी मैत्री तोडायची गरज नसते, टीव्ही बंद करायला सांगायची गरज असते.

या नोंदीत आणखी एक रकाना ठेवा: आज मी किती नाटक केलं? डोळ्यांत बघायचं म्हणून बघणं, न कळलेल्या विनोदावर हसणं, हात हलू नयेत म्हणून ते मांडीखाली दाबून ठेवणं. संशोधक याला मास्किंग म्हणतात. फार काळ असं वागत राहणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. नोकरीत, बसमध्ये, पोलीस ठाण्यात काही वेळा हे करावं लागतं, ते मला समजतं. पण ज्या संध्याकाळीला तुम्ही मजा म्हणता, तिच्यात हे करावं लागत असेल, तर ती संध्याकाळ तुम्ही दुसऱ्यासाठी राबलात असं समजा.

एकट्याने केलेली मजा ही पूर्ण मजा असते. घरच्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली इथपासून तिच्या आजच्या डब्यांच्या रचनेपर्यंत सगळं ज्याला तोंडपाठ आहे, तो रविवारी दुपारी वेळापत्रकं चाळत बसला असेल, तर तो वेळ वाया घालवत नाही, वेळ घालवायला जागा नाही म्हणून बसलेलाही नाही. तो त्याच्या आवडत्या ठिकाणी आहे. एखाद्या विषयात खोल उतरणं, तेच गाणं लागोपाठ लावणं, पाहिलेला चित्रपट पुन्हा पाहणं, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे जीव निवांत असतो, हे सगळे आनंदाचे खरे प्रकार आहेत. शरीराचे आनंदही आहेत. डोलणं, बोटं फिरवणं, हात फडफडवणं यांनी मन ताळ्यावर येतं. आपल्या घरांमध्ये यासाठी एक सुंदर सोय पूर्वापार आहे, ती म्हणजे झोपाळा. साठीच्या माणसाने तासभर झोपाळ्यावर बसून झोके घेतले तर त्याला कुणी काही विचारत नाही. घरात कडी लावायला जागा असेल तर लावून घ्या. ठिपक्यांची रांगोळी, विणकाम, तांदूळ निवडणं, पोहणं, कुंडीतल्या निवडुंगांची निगा, यांतही तीच लय आहे. आवडीला वय नसतं. चाळिशीच्या माणसाने खेळण्यातल्या गाड्या रांगेत लावल्या तर त्यात कुणाचंही नुकसान नाही.

आता सोबत. पुष्कळ ऑटिस्टिक माणसांना सोबत हवी असते, मनापासून हवी असते, आणि ती मिळत नाही म्हणून ती दुःखी असतात. ‘त्याला माणसंच नकोत’ असं म्हणून घरचे मोकळे होतात, तेव्हा हे दुःख दिसेनासं होतं. माझा अनुभव आणि वाचन दोन्ही सांगतं की, सोबत जुळायला मधे काहीतरी ठेवावं लागतं: एक वस्तू, एक काम, एक विषय, एक खेळ. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकी पशुविज्ञानाच्या प्राध्यापिकेने स्वतःच्या ऑटिझमबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. शाळेत टवाळी सोसत असताना तिचे मित्र झाले ते घोडेस्वारी, इलेक्ट्रॉनिक्स आणि मॉडेल रॉकेट यांच्यामुळे, हे ती पुन्हा पुन्हा सांगते. नुसतं ‘काय मग, काय विशेष?’ इथून सुरू होणाऱ्या गप्पांमध्ये काय उत्तर द्यायचं हे कळत नाही. दुर्बिणीचा फोकस नीट लागलाय का, या प्रश्नाला मात्र उत्तर असतं.

आणि अशा जागा महाराष्ट्रात आहेत. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे रात्रभराचे कार्यक्रम वांगणी-नेरळच्या बाजूला होत आले आहेत. आकाशदर्शनाचा विचार ऑटिस्टिक माणसाच्या बाजूने करून बघा. अंधार असतो, म्हणून डोळ्यांना त्रास नाही. सगळ्यांची तोंडं वर, म्हणून कुणी तुमच्या चेहऱ्याकडे बघत नाही. दुर्बिणीसाठी रांग असते, म्हणजे आपली पाळी कधी हे ठाऊक असतं. आणि एखाद्या ताऱ्याबद्दल तुम्ही पाच मिनिटं सलग बोललात तर लोक ऐकतात, कारण ते त्यासाठीच आलेले असतात. पक्षीनिरीक्षणातही असंच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ पासूनची संस्था, तिच्या निसर्गफेऱ्या असतात. तिथे गप्प राहणं हा नियम आहे आणि यादी करणं हे काम आहे. गट नको असेल तर ई-बर्ड या संकेतस्थळावर आपल्या गच्चीवरून दिसलेले पक्षी नोंदवता येतात. दर फेब्रुवारीत जगभरचे लोक चार दिवस आपापल्या परिसरातले पक्षी मोजतात, त्यात एकट्याने भाग घेऊनही आपण हजारो माणसांबरोबर असतो.

रेल्वेची आवड असेल तर कोथरूडमधलं जोशी यांचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय आहे. शब्दांची, नकाशांची, गावांच्या नोंदींची आवड असेल तर मराठी विकिपीडिया आहे, २००३ पासूनचा. तिथे संपादकांचं एकमेकांशी बोलणं लिहून होतं, सवडीने होतं, आणि चर्चा लेखाबद्दल असते. बुद्धिबळाचे क्लब, बोर्ड गेमच्या बैठका मोठ्या शहरांत सापडतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका घेऊन खेळायचा टेबलाभोवतीचा खेळ ऑटिस्टिक प्रौढांच्या छोट्या गटांसोबत काही आठवडे खेळून पाहिला. खेळात नियम स्पष्ट असतात, पाळी ठरलेली असते, आणि आपण एका पात्राच्या आडून बोलत असतो. त्यामुळे तिथे वावरणं सोपं गेलं आणि आपलेपणा वाटला, असं खेळणाऱ्यांनी सांगितलं.

पण अशा ठिकाणीही सगळंच्या सगळं घ्यायची सक्ती नाही, हे ध्यानात ठेवा. किल्ल्यावरच्या ट्रेकचं उदाहरण घ्या. चढण आवडते, वर पोचल्यावरचा वारा आवडतो, पण जातानाच्या बसमधल्या दोन तासांच्या अंताक्षरीने जीव जातो. मग तुम्ही लोकलने किंवा एसटीने पायथ्याला परस्पर पोचा आणि तिथून गटात सामील व्हा. आयोजकांना आधी कळवलं की बहुतेक जण हो म्हणतात. कुठल्याही नव्या गटात पहिल्यांदा नुसतं बघायला जा, पंधरा मिनिटं थांबून या. आयोजकांना आधी विचारा: किती लोक, किती वाजता संपणार, माइक असतो का, स्वतःची ओळख उभं राहून करून द्यावी लागते का? हे प्रश्न विचारणं म्हणजे नखरे नव्हेत. व्हीलचेअर वापरणारा माणूस जिन्याबद्दल विचारतो, तितकंच ते रास्त आहे.

काही जणांना उलट हवं असतं. ढोल-ताशा पथकात जीव रमणारी ऑटिस्टिक माणसंही असू शकतात, आणि त्यात नवल नाही. सराव ठरलेला, जागा ठरलेली, ठेका पक्का, आणि आवाज आपल्या हातातला. दुसऱ्याने अचानक काढलेला आवाज छळतो, तोच आपण काढला तर पुष्कळदा सुसह्य होतो. म्हणून ‘ऑटिस्टिक आहे ना, मग याला शांतताच हवी’ असंही परस्पर ठरवू नका. विचारा.

सोबतीचा आणखी एक प्रकार आहे, त्याला आपण हिशेबात धरत नाही. दोघांनी एका खोलीत बसून आपापलं काम करणं. ती चित्र रंगवते आहे, तो मोबाइलवर नकाशे बघतो आहे, तासाभरात तीन वाक्यं झाली. मधेच एकजण दुसऱ्याला काहीतरी दाखवतो, दुसरा ‘अरे वा’ म्हणतो, पुन्हा शांतता. पुष्कळ ऑटिस्टिक माणसांसाठी ही भरगच्च भेट असते. जुन्या मैत्रिणीला बोलवा आणि आधीच सांगा: ‘ये, आपण वाचत बसू. बोललं नाही तरी चालेल.’ मराठी घरांमध्ये पाहुणा आला की त्याच्याशी बोलत बसलंच पाहिजे अशी रीत आहे. चांगली मैत्रीण ही रीत सोडायला तयार होते.

लिहून होणारी मैत्रीही खरी मैत्री आहे. फोनची रिंग वाजली की काळजात धस्स होतं, पण व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही मोकळेपणाने, विचार करून, विनोदही करत बोलता, असं असेल तर जवळच्यांना सांगून टाका: ‘मला फोन करू नकोस, मेसेज कर. उत्तर सकाळपर्यंत देईन.’ उत्तराला वेळ लागला म्हणजे राग आला असं नाही, हेही एकदाच लिहून ठेवा. एखाद्या लेखावर, खेळावर, मालिकेवर बोलणारे दूरगावचे ऑटिस्टिक मित्र ऑनलाइन भेटतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. त्यांना ‘ते काय खरे मित्र’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या गप्पा वाचाव्यात.

इथे एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती मी आवर्जून सविस्तर सांगते आहे. ऑटिस्टिक माणसं बोललेल्या शब्दावर विश्वास ठेवतात आणि एकटेपणाला कंटाळलेली असतात, म्हणून त्यांचा गैरफायदा घेणारे त्यांना लवकर शोधून काढतात. मित्र म्हणवणारा माणूस फक्त पैसे किंवा गाडी लागली की फोन करतो का? तुमच्या आवडीच्या विषयावर कधी पाच मिनिटं तरी ऐकून घेतो का? ‘हे घरी सांगू नकोस’ असं म्हणतो का? तुम्ही नाही म्हणालात तर रुसतो, धमकावतो का? यातल्या एकाचंही उत्तर खटकलं तर विश्वासाच्या एका माणसाशी बोला. कुणाच्या कर्जाला जामीन राहू नका, ओटीपी सांगू नका, आपल्या नावावर सिमकार्ड काढून देऊ नका. आयत्या वेळी नकार सुचत नाही, म्हणून एक वाक्य पाठ करून ठेवा: ‘पैशाचं मी लगेच ठरवत नाही, विचारून सांगतो.’ आणि विषय तिथेच थांबवा. ऑनलाइन ओळखीच्या माणसाला पहिल्यांदा भेटायचं तर दिवसा, वर्दळीच्या जागी, आणि आपण कुठे आहोत हे घरी किंवा मित्राला सांगून. शरीराला स्पर्श कुणी, कधी, किती करायचा हे तुम्ही ठरवायचं. गळाभेट नको असेल तर नमस्कार पुरेसा आहे.

स्वतःच्या अटी समोरच्याला कशा सांगाव्यात, याचा एक जुना आणि फार उपयोगी नमुना ऑटिस्टिक लोकांनीच तयार केला. अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि साथीदारांनी १९९६ पासून ‘ऑट्रीट’ नावाचा ऑटिस्टिक माणसांचा निवासी मेळावा भरवायला सुरुवात केली. तिथे अंगावर रंगीत खूण लावायची पद्धत रुळली. लाल म्हणजे आत्ता कुणी बोलू नये. पिवळी म्हणजे ओळखीच्यांनीच बोलावं. हिरवी म्हणजे बोलायची इच्छा आहे, पण सुरुवात करता येत नाही, तुम्ही करा. मला या तिसऱ्या रंगाचं फार मोल वाटतं, कारण गप्प बसलेल्या माणसाला बोलायचंही असू शकतं, हे तो रंग सांगतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘ऑटस्केप’ भरतं, तिथेही अशा खुणा आहेत. घरात खोलीच्या दाराला तीन रंगांची कार्डं लावता येतील, मित्रांच्या ग्रुपवर तीन रंगांचे गोल पाठवता येतील. एकदा सवय झाली की समजावून सांगण्याचे श्रम वाचतात.

ऑटिस्टिक मित्र मिळून जमणार असाल तर तीन-चारजण पुरेत. सुरू होण्याची वेळ आणि संपण्याची वेळ दोन्ही कळवा, आणि संपण्याची पाळा. खायला काय आहे, आणखी कोण येणार, घरात कुत्रं आहे का, हे आदल्या दिवशी सांगा. एक खोली रिकामी, मंद उजेडाची ठेवा आणि तिथे गेलेल्या माणसामागे जाऊन ‘काय झालं?’ विचारू नका. आग्रह करून वाढायची आपली प्रेमाची रीत इथे बाजूला ठेवा. कुणाला फक्त दहीभात चालतो, कुणाला भातावर वरण पसरलेलं चालत नाही, आणि त्यामागे जिभेचा, स्पर्शाचा खरा त्रास असतो. निघताना दारात उभं राहून अर्धा तास गप्पा मारायची सवयही सोडा. न सांगता उठून गेलेल्याने घरी पोचल्यावर मेसेज केला की झालं.

उरतात ते टाळता न येणारे प्रसंग, लग्नं आणि सण. लग्नाला पूर्ण दिवस जायलाच हवं असं नाही. हळद, वरात, रिसेप्शन यांतला एकच भाग निवडा आणि यजमानांना आधी कळवा. कानात बोळे घाला, बारीक मिळतात, दिसत नाहीत. शक्य असेल तर एखादं काम मागून घ्या: आहेराची यादी लिहिणं, पाणी वाढणं, अक्षता वाटणं, फोटो काढणं. हातात काम असलं की कुठे उभं राहायचं आणि काय बोलायचं हे आपोआप ठरतं. ‘आता तुझं कधी?’ या प्रश्नाला ‘ठरलं की सांगेन’ एवढं उत्तर बास, पुढे काही स्पष्टीकरण द्यावं लागत नाही. आणि आईवडिलांना एक स्पष्ट सांगते: मुलाला माणसांची सवय लागावी म्हणून त्याचं लग्न लावू नका. दोन आयुष्यांचा प्रश्न असतो तो.

गणपतीत नातेवाइकांकडे आरतीला जाण्याऐवजी दुपारी जा. मूर्ती निवांत बघता येते, सजावटीबद्दल बोलता येतं. आरतीला थांबावंच लागलं तर शेजारच्या खोलीत उभे राहा, किंवा टाळ स्वतःच हातात घ्या. विसर्जनाच्या दिवशी घर मिरवणुकीच्या रस्त्यावर असेल तर त्या रात्रीपुरतं दुसरीकडे राहायला जाणं हा शहाणपणाचा निर्णय आहे, पळ काढणं नव्हे. मोठ्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका. तो दिवस मोकळा असेल हे ठाऊक असलं की आदला दिवसही हलका जातो.

निदान सांगायचं की नाही? माझं मत असं की, गरज सांगा, निदान विश्वासाच्या माणसांना सांगा. ‘मला फार आवाजात डोकं दुखतं, मी आठला निघेन’ एवढ्याने बहुतेक कामं होतात. मित्राला सगळं कळावं असं वाटेल तेव्हा शांतपणे, हवं तर लिहून, सांगा.

ज्यांना बोलता येत नाही किंवा दिवसभर मदत लागते, अशा ऑटिस्टिक प्रौढांबद्दल हे सगळं जास्तच खरं आहे, कारण त्यांच्या मजेचे निर्णय सर्रास दुसरे घेतात. सहलीला नेलं, गाणी लावली, सगळ्यांना हात धरून नाचवलं, फोटो काढले. त्यांना हे हवं होतं का, हे कुणी पाहिलं? तितो राजर्षी मुखोपाध्याय हा भारतात वाढलेला, फारसं न बोलणारा ऑटिस्टिक लेखक लहान वयापासून लिहितो आहे. न बोलणाऱ्याच्या आत किती काही चाललेलं असतं हे त्याचं लेखन वाचून कळतं. चित्रांतून, मोबाइलमधल्या फोटोंतून, दोन वस्तू पुढे करून निवड विचारा, आणि ‘नको’ हाही त्यातला एक पर्याय ठेवा. मान फिरवणं, उठून जाणं, कान झाकणं हे उत्तर आहे असं समजा. नळाच्या पाण्याखाली हात धरून तो हसत असेल, तर ती त्याची सहल आहे. बादली ठेवा खाली, पाणी झाडांना घाला, पण त्याला उठवू नका.

एकटेपणा असह्य झाला, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या, झोप उडाली, मरणाचे विचार आले, तर ते ऑटिझमच्या नावावर टाकून सोसत बसू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत आहे. फोनवर बोलणं जड जात असेल तर जवळच्या माणसाला शेजारी बसवून लावा, आणि आधी दोन वाक्यं कागदावर लिहून घ्या. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना तुमची महिन्याभराची नोंदवही बरोबर न्या. ती वाचून डॉक्टरांना पुष्कळ काही लवकर कळेल.

आणि जे वाचक स्वतः ऑटिस्टिक नाहीत, पण वाचनकट्टा चालवतात, ट्रेक काढतात, ग्रंथालयात व्याख्यानं ठेवतात, सोसायटीचा गणपती बसवतात, त्यांना एक विनंती. पुढच्या निमंत्रणावर कार्यक्रम संपण्याची वेळ छापा, लाउडस्पीकर असणार की नाही ते लिहा, शांत बसायला एक खोली उघडी ठेवा, आणि मधूनच उठून जाणाऱ्याला कारण विचारू नका. याला खर्च जवळजवळ येत नाही, आणि आजवर तुमच्याकडे न आलेली माणसं येऊ शकतात.